थकलेले गुरुजी राजीनामा देत नाहीत

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा झाली. या परीक्षेला नेहमी डी.एड., बी.एड. करून नोकरीच्या प्रतीक्षेत असलेले तरुण बसतात. या वेळी त्यांच्या शेजारच्या बाकांवर पंधरा-वीस वर्षे वर्ग सांभाळलेले शिक्षकही होते. कारण १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत ‘टीईटी’ उत्तीर्ण व्हावे, नाही तर सेवेतून बाहेर पडावे, असे हा निकाल सांगतो. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे त्यांना नोकरीपुरती सवलत आहे, मात्र पदोन्नती हवी असेल तर परीक्षा त्यांनाही चुकलेली नाही. या निकालाच्या आणि संचमान्यतेच्या नव्या निकषांच्या विरोधात ५ डिसेंबरला शिक्षक संघटनांनी राज्यात शाळा बंद आंदोलन केले.

त्यानंतरची चर्चा ठरलेल्या वाटेने गेली. एका बाजूला ‘मुलांना शिकवणाऱ्याला परीक्षेची भीती कशाला?’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नेमणुकीच्या वेळी नसलेली अट आता का?’ दोन्ही प्रश्न आपापल्या जागी योग्यच आहेत. पण दिवसभर शाळा, संध्याकाळी ऑनलाइन माहिती भरणे आणि रात्री परीक्षेचा अभ्यास, एवढे सगळे ज्याच्याकडून अपेक्षित आहे त्या माणसाच्या अंगात मुळात किती बळ उरले आहे, हे कुणी विचारले नाही. हा प्रश्न शिक्षण खात्याइतकाच आरोग्याचाही आहे, आणि जगभर त्यावर पन्नासेक वर्षे अभ्यास होत आला आहे.

‘बर्नआउट’ हा शब्द हल्ली कुठल्याही कंटाळ्याला चिकटवला जातो. त्याचा उगम मात्र बराच नेमका आहे. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर सत्तरच्या दशकात गरिबांसाठीच्या मोफत दवाखान्यात काम करत. तिथे मनापासून राबणारे कार्यकर्ते काही काळाने चिडचिडे, कोरडे आणि निरुत्साही होत जाताना त्यांनी पाहिले. स्वतःलाही त्याच अवस्थेत पाहिले. १९७४ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. या अवस्थेला आधी बळी पडतात ती कामाला वाहून घेतलेली माणसे, असे त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवले आहे. पुढे ख्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली तयार केली. ती आजही वापरली जाते, शिक्षकांसाठी तिची वेगळी आवृत्तीही आहे. तिच्यात तीन गोष्टी तपासल्या जातात : भावनिक थकवा, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयी येणारा कोरडेपणा आणि ‘आपल्या हातून काही होत नाही’ ही भावना.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटचा समावेश केला, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणाचा परिणाम, अशी त्याची व्याख्या आहे. या शब्दयोजनेला महत्त्व आहे. मधुमेह रुग्णाच्या शरीरात असतो. बर्नआउटचे मूळ कामाच्या रचनेत असते. रक्त तपासून तो सापडत नाही. कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी बर्नआउट झालेल्यांमध्ये वाढलेली असते की घटलेली, यावर संशोधकांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकून अनेक शिक्षक दवाखान्यातून परत येतात आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाला उभे राहतात.

तीन लक्षणांपैकी पहिले सगळ्यांना कळते. थकवा दिसतो, त्याला सहानुभूतीही मिळते. गोंधळ होतो तो दुसऱ्या लक्षणापाशी. शिक्षकातला कोरडेपणा बाहेरून अगदी कामचुकारपणासारखा दिसतो. फळ्यावर तारीख पडते, धडा वाचून दाखवला जातो, वह्यांवर सही होते. पण मागच्या बाकावरचा मुलगा आठवडाभर का गप्प आहे हे विचारले जात नाही. पालक भेटायला आले की उत्तरे तुटक येतात. शिक्षक खोलीत मुलांबद्दल बोलताना ‘ही बॅचच तशी’ हे वाक्य वाढत जाते. मनाच्या दृष्टीने पाहिले तर हा बचाव आहे. देण्यासारखे काही उरले नाही की मन अंतर राखू लागते, म्हणजे निदान आणखी खर्च व्हायला नको. ज्याला आपण ‘पूर्वी किती जीव लावून शिकवायचे, आता पाट्या टाकतात’ असे म्हणतो, त्या वाक्याच्या दोन अर्धांमधल्या वर्षांत काय झाले, हे पाहायला हवे.

अर्थात प्रत्येक पाट्या टाकणारा शिक्षक थकव्याचा बळी असतो असे मुळीच नाही. काही जण पहिल्या दिवसापासून तसेच असतात, आणि शाळेऐवजी प्लॉट, पतसंस्था आणि पुढाऱ्यांच्या मागे फिरणाऱ्यांना बर्नआउटचे कवच देण्याचे कारण नाही. फरक ओळखण्याची एक साधी खूण आहे. हा माणूस दहा वर्षांपूर्वी कसा होता? जो कधी पेटलाच नाही, तो विझणार कसा?

आता प्रश्न असा, की शिक्षकाला नेमके काय विझवते? मुले दंगा करतात, वर्ग मोठे असतात, हे उत्तर सहज सुचते. ते अर्धेच खरे आहे. जपानचे आकडे याबाबतीत डोळे उघडणारे आहेत. ‘ओईसीडी’ या विकसित देशांच्या संघटनेने २०१८ मध्ये केलेल्या शिक्षकांच्या पाहणीत जपानमधल्या कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांचा आठवडा ५६ तासांचा निघाला. सहभागी देशांची सरासरी होती ३८.३ तास. पण प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याचे तास पाहिले तर जपानी शिक्षकाचे १८ आणि सरासरी २०.३. म्हणजे जपानी शिक्षक इतरांपेक्षा कमी शिकवतो आणि तरीही आठवड्याला जवळजवळ अठरा तास जास्त राबतो. उरलेला वेळ जातो शाळेनंतरच्या क्रीडामंडळांत, कागदपत्रांत, बैठकांत आणि पालकांच्या तक्रारी निस्तरण्यात. त्या देशाच्या शिक्षण मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२३ या आर्थिक वर्षात मानसिक आजारामुळे रजेवर गेलेल्या सार्वजनिक शाळांतील शिक्षकांची संख्या ७,११९ होती. हा आकडा सात हजारांच्या वर जाण्याची ती पहिलीच वेळ. तिथे १९७१ च्या एका कायद्याने शिक्षकांना जादा तासांचा मोबदला न देता पगाराच्या चार टक्के ठरावीक भत्ता देण्याची पद्धत घातली होती. तास कितीही वाढले तरी सरकारला त्याची किंमत मोजावी लागत नव्हती, मग ते वाढतच गेले. २०२५ मध्ये दुरुस्ती करून हा भत्ता टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले आहे.

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत हे गणित समजावून सांगावे लागत नाही. दोन शिक्षक आणि चार किंवा पाच इयत्ता. एक जण तालुक्याला बैठकीला गेला की दुसऱ्याकडे सगळी शाळा. तांदळाचा साठा किती उरला, आज किती मुलांनी खिचडी खाल्ली, हे रोज ॲपवर भरायचे. यू-डायस प्लसची माहिती, आधारवरील नावाशी हजेरीपटावरील नाव जुळत नसेल तर ते जुळवणे, मुलांचे ‘अपार’ क्रमांक तयार करणे, शिष्यवृत्तीचे अर्ज, गणवेशाचा हिशेब, उपक्रमांचे फोटो. २०१६ मध्ये मुलांसोबत सेल्फी काढून हजेरी नोंदवण्याचाही आदेश निघाला होता. विरोधानंतर तो मागे पडला. देशात आजही एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत, तिथे तर बैठकीला जायचे म्हणजे शाळेला कुलूप लावायचे.

या कामांचा त्रास केवळ त्यांच्या संख्येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारी साडेतीनला येणाऱ्या ‘माहिती आज पाचपर्यंत अत्यंत तातडीने सादर करावी’ या संदेशात तो जास्त आहे. काम कधी येणार, किती वेळ चालणार, ते कशासाठी, यातल्या कशावरही शिक्षकाचा ताबा नसतो. कामाच्या ताणावरच्या संशोधनात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. मागणी जास्त असूनही माणूस टिकतो, पण मागणी जास्त आणि ताबा व आधार कमी, अशी जोडी झाली की तो लवकर खचतो. बरेचदा ही माहिती मागच्याच महिन्यात दुसऱ्या नमुन्यात भरून दिलेली असते. तेव्हा थकव्याच्या जोडीला निरर्थकतेची भावना येते, आणि बर्नआउटचे तिसरे लक्षण तिथेच मूळ धरते.

कायदा काय म्हणतो? शिक्षणहक्क कायद्याचे कलम २७ दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपण्यास मनाई करते. व्यवहारात जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरोघरी फिरले. त्याआधी २०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर संघटनांनी बहिष्कार टाकला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने कोणती कामे शैक्षणिक आणि कोणती अशैक्षणिक याची वर्गवारी जाहीर केली, तेव्हा वादाचे मूळ कमी होण्याऐवजी यादीतल्या नोंदींवरच वाद सुरू झाला.

मतदार यादीच्या कामाबाबत २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल आरोग्याच्या बाजूने वाचण्यासारखा आहे. ही कामे शिक्षकांना सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावीत, असे न्यायालयाने म्हटले. हेतू उत्तम होता : मुलांचे तास बुडू नयेत. पण मुलांचे तास वाचवताना खर्ची पडतो तो शिक्षकाचा विसावा. आणि थकवा बर्नआउटमध्ये बदलतो की नाही, हे कामाच्या तासांइतकेच या विसाव्यावर अवलंबून असते. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिन झोनेनटाग यांनी यावर अनेक वर्षे काम केले आहे. नुसते घरी असणे पुरेसे नाही, कामापासून मनाने सुटणे आवश्यक असते, असे त्यांचे संशोधन सांगते. रविवारी दुपारी फोन वाजला आणि केंद्रप्रमुखांचा संदेश दिसला, की उत्तर दिले किंवा न दिले, ती सुटका संपलेली असते. कामाच्या वेळेनंतर फोनला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्यांना असावा, असे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत पुन्हा मांडले. खासगी विधेयकांचे कायद्यात रूपांतर क्वचितच होते, हे मांडणाऱ्यांनाही ठाऊक असते.

मतदार यादीचेच काम टोकाला गेले की काय होते, ते २०२५ च्या अखेरीस देशाने पाहिले. बारा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले. ‘बीएलओ’ म्हणून नेमलेल्यांमध्ये शिक्षक आणि अंगणवाडी सेविका मोठ्या संख्येने होत्या. काही आठवड्यांत अनेक राज्यांतून बीएलओंच्या मृत्यूच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या आल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना जादा कर्मचारी देऊन हा भार कमी करण्यास सांगितले. महाराष्ट्र त्या टप्प्यात नव्हता.

शिकवणे हे कामही हलके नाहीच. अमेरिकन अभ्यासक फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये प्राथमिक वर्गांचे बारकाईने निरीक्षण करून लिहिले, की शिक्षकाचे दिवसात मुलांशी सुमारे एक हजार वेळा देणे-घेणे होते. कुणाला गप्प करणे, कुणाला पाणी प्यायला सोडणे, कुणाच्या पाठीवर हात ठेवणे. यातल्या प्रत्येक क्षणी स्वतःचा राग, कंटाळा, घरची काळजी चेहऱ्यावर येऊ द्यायची नसते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये याला भावनिक श्रम म्हटले, आणि ते श्रम पगारपत्रकात कुठे दिसत नाहीत. दिसतो तो बसलेला घसा. अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा राज्यांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पाहणीच्या वेळी ११ टक्के शिक्षकांना आवाजाचा विकार होता. इतर व्यवसायांतल्या लोकांमध्ये हे प्रमाण ६.२ टक्के होते. पत्र्याच्या छताखाली पाऊस वाजत असताना दोन इयत्तांना एकाच वेळी शिकवणाऱ्याला त्याचे नवल वाटणार नाही. महिनाभर घोगरा राहिलेला आवाज कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायला हवा. हळद-दूध आणि खडीसाखर यांवर वर्षे काढली जातात, स्वरतंतूंवरच्या गाठी मात्र तशाच राहतात.

मग इतके सारे असताना शिक्षक नोकरी सोडतात का? जगात सोडतात. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालानुसार प्राथमिक शिक्षकांचे व्यवसाय सोडण्याचे जागतिक प्रमाण २०१५ मध्ये ४.६२ टक्के होते, ते २०२२ मध्ये ९.०६ टक्क्यांवर गेले. २०३० पर्यंत जगाला आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागतील, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. अमेरिकेत ‘गॅलप’च्या २०२२ च्या पाहणीत शालेय शिक्षण क्षेत्रातल्या ४४ टक्के कर्मचाऱ्यांनी आपण कायम किंवा बरेचदा बर्नआउट अनुभवतो असे सांगितले, पाहणीतल्या सगळ्या क्षेत्रांत हे प्रमाण सर्वाधिक होते. तिथे थकलेला शिक्षक विमा कंपनीत, सॉफ्टवेअर प्रशिक्षणात किंवा घरबांधणी क्षेत्रात जातो. शाळेत जागा रिकामी पडते, ती भरता येत नाही, बातमी होते, आणि मग सरकारला हालचाल करावी लागते.

महाराष्ट्रात हे धोक्याचे दिवे लागतच नाहीत. अनुदानित किंवा जिल्हा परिषदेची नोकरी मिळवण्यासाठी माणसाने उमेदीची वर्षे घातलेली असतात. आधी पदविका, मग अभियोग्यता चाचणी, मग ‘पवित्र’ पोर्टलवरची प्रतीक्षा, मग तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. २०२३ पर्यंत हे मानधन प्राथमिकला सहा हजार रुपये होते, आता सोळा हजार आहे. या वाटेने स्थिरावलेला माणूस, घराच्या कर्जाचे हप्ते चालू असताना, थकलो म्हणून राजीनामा देत नाही. स्वेच्छानिवृत्तीसाठी वीस वर्षांची सेवा लागते, म्हणून तो वर्षे मोजतो. एक जागा रिकामी झाली तरी बाहेर शेकडो जण उभे असतात, त्यामुळे व्यवस्थेलाही काही जाणवत नाही. नोकरी सोडण्याचे प्रमाण हे जर थकव्याचे मोजमाप मानले, तर आपल्याकडचे शिक्षक जगात सर्वांत ताजेतवाने ठरतील. प्रत्यक्षात ते मनाने कधीच बाहेर पडलेले असतात आणि शरीराने साडेदहाला हजर असतात.

जे बाहेर पडतात त्यांची दिशाही बोलकी आहे. शाळा करता करता स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करून महसूल किंवा शिक्षण खात्यात अधिकारी होणे, केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी होणे. यात गैर काही नाही. गावाला त्याचा अभिमानच वाटतो, सत्कार होतात. पण यातली प्रत्येक पायरी वर्गापासून दूर नेणारी आहे. उत्तम शिकवत राहून, वर्गातच राहून वर चढण्याची पायरी फार थोड्यांच्या वाट्याला येते. निवडश्रेणी मिळते, पण काम तेच राहते. मुलांना शिकवण्याची आवड असलेल्या माणसाने प्रगती करायची तर मुले सोडायची, अशी ही रचना आहे.

विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांची कथा वेगळी आणि जास्त क्रूर आहे. तिथे वर्षानुवर्षे विनावेतन किंवा वीस-चाळीस टक्के पगारावर शिकवणारे लोक आहेत, जे सकाळी शाळा करून उरलेला दिवस शेतात, दुकानात किंवा रिक्षावर घालवतात. टप्पा अनुदानासाठी जुलै २०२५ मध्येही ते आझाद मैदानावर बसले होते. समाजशास्त्रज्ञ योहानेस झिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये मांडले, की श्रम जास्त आणि त्या बदल्यात पैसा, मान, सुरक्षितता कमी, हा असमतोल दीर्घकाळ राहिला तर हृदयविकारापर्यंतचे धोके वाढतात. आझाद मैदानावर बसलेल्यांच्या बाबतीत या सिद्धांताला पुरावा शोधायला जावे लागत नाही. ते नोकरी का सोडत नाहीत, याचे उत्तर त्यांनी आतापर्यंत घातलेल्या वर्षांत आहे. पुढच्या टप्प्यात आपले नाव येईल आणि आज सोडले तर पंधरा वर्षे पाण्यात जातील.

नोकरी खरोखर सोडली जाते ती खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळांत. तिथल्या बहुसंख्य शिक्षक स्त्रिया आहेत. शाळा झाल्यावर वर्कशीट, पालकांचे संदेश, वार्षिक दिनाच्या तालमी, आणि घरी गेल्यावर स्वयंपाक. त्या एक दिवस ‘घरच्या अडचणीमुळे’ असे लिहून थांबतात, आणि थकव्याची कुठेही नोंद होत नाही. करोनाकाळात ऑनलाइन शिकवणी कंपन्यांनी अशा अनेकींना चांगल्या पगारावर घेतले. २०२२ पासून त्याच क्षेत्रात मोठी कपात झाली. काहींनी घरी शिकवण्या सुरू केल्या. काम तेच, मुलेही जवळपास तीच, पण किती घ्यायची आणि कधी थांबायचे हे आपल्या हातात. अशा बदलानंतर ज्यांना पुन्हा शिकवावेसे वाटू लागते, त्यांना थकवा शिकवण्याचा आला नव्हता, हे उघड आहे.

शिक्षकाच्या थकव्याची झळ त्याच्यापुरती राहत नाही. कॅनडात इव्हा ओबर्ले आणि किंबर्ली शोनर्ट-राइशल यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चौथी ते सातवीच्या चारशेहून अधिक मुलांच्या लाळेतले कॉर्टिसॉल तपासले. ज्या वर्गांच्या शिक्षकांनी बर्नआउट जास्त असल्याचे सांगितले होते, त्या वर्गांतल्या मुलांची सकाळची कॉर्टिसॉलची पातळी जास्त निघाली. शिक्षक अवघे सतरा होते. शिक्षकाच्या ताणाने मुले तणावात आली की अवघड मुलांमुळे शिक्षक थकले, हे या अभ्यासातून ठरवता येत नाही. दोन्ही दिशांनी ते होत असण्याची शक्यता आहे. पण वर्गाच्या दोन्ही टोकांना ताण एकत्र नांदतो, एवढे मात्र त्यातून दिसते.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बर्नआउट हा शब्द सभ्य आहे, नैराश्य हा शब्द उच्चारायला जड जातो. अमेरिकेतल्या १,३८६ शिक्षकांच्या २०१६ मधल्या अभ्यासात शोनफेल्ड आणि बियांकी यांना असे आढळले, की बर्नआउट असलेल्यांपैकी ८६ टक्के जण नैराश्याच्या प्राथमिक निकषांतही बसत होते. दोन्ही एकच आहेत का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. शिक्षकाला त्या वादाशी कर्तव्य नाही, खुणांशी आहे. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत पहिल्या आठवड्यानंतर मन हलके होत असेल, गाण्यात, शेतात, नातवंडांत रमत असेल, तर मूळ कामात आहे. सुट्टीतही पहाटे तीनला जाग येत असेल, भूक गेली असेल, आवडीचे काहीच नको वाटत असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर तो नुसता शाळेचा थकवा नाही, आणि तिथे मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि मराठीतही बोलता येते. नोकरी सोडण्याचा निर्णयही या अवस्थेत घेऊ नये. नैराश्यात सगळीच दारे बंद दिसतात. आधी उपचार, मग निर्णय, हा क्रम बरा.

उपायांचे काय? शिक्षकांच्या ताणमुक्तीची शिबिरे आपल्याकडे होतात. सभागृहात प्राणायाम होतो, वक्ते सकारात्मकतेवर बोलतात, आणि शेवटी उपस्थितीचा फोटो लिंकवर अपलोड करायला सांगितले जाते. यावर कुणी विनोद लिहिण्याची गरज उरत नाही. ध्यान, श्वसन, भावनांचे भान यांचा उपयोग नाही असे मात्र नाही. न्यूयॉर्कमधल्या सरकारी शाळांतल्या २२४ शिक्षकांवर झालेल्या चाचणीत असे प्रशिक्षण घेतलेल्यांना मानसिक त्रास आणि वेळेचा दबाव काहीसा कमी जाणवला. फायदा खरा होता, पण लहान. दुसऱ्या बाजूला, शाळेची रचना बदलून शिक्षकांचा ताण कमी होतो का, याचा ‘कॉक्रेन’ने २०१५ मध्ये आढावा घेतला तेव्हा जगभरातून निकषांत बसणारे केवळ चार अभ्यास मिळाले. व्यक्तीला बदलण्याचे प्रयोग शेकडो, कामाला बदलण्याचे बोटांवर मोजण्याएवढे. श्वास कसा घ्यावा हे शिकवणे स्वस्त पडते. केंद्रशाळेला एक लिपिक आणि माहिती भरणारा एक माणूस देणे महाग.

वास्तविक दुसरा उपाय फार मोठा नाही. एकाच माहितीचे चार नमुने बंद करणे, संध्याकाळी सहानंतर शासकीय ग्रुपवर काम न टाकणे, तातडीचे पत्र काढणाऱ्याने ते आधी का निघाले नाही याचे कारण लिहिणे, यासाठी कोणत्या आयोगाची गरज नाही. काही तालुक्यांत एखादा समजूतदार गटशिक्षणाधिकारी हे स्वतःच्या अधिकारात करतो, आणि त्याची बदली होईपर्यंत ते टिकते.

पुढचे दीड वर्ष या दृष्टीने कसोटीचे आहे. देशाच्या जनगणनेतली घरांची नोंदणी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात होणार आहे आणि लोकसंख्येची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. जनगणना हे कायद्याने शिक्षकांना देता येणारे काम आहे, त्यामुळे प्रगणक म्हणून घरोघरी जाणाऱ्यांत तेच मोठ्या संख्येने असतील. गेली दोन वर्षे बारावी आणि दहावीच्या बोर्डाच्या परीक्षाही फेब्रुवारीतच सुरू होत आहेत. आणि टीईटीसाठी दिलेली दोन वर्षे १ सप्टेंबर २०२७ ला संपतात.